लहरी तट्टू : पहिला महिना खोगिराशिवाय

तुमच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. कालपर्यंत शांत उभं राहणारं तट्टू आज कान पाडून अंगावर का येतं? "लहरी आहे" असं म्हटलं की शोध तिथेच संपतो. घोडं उगाच बदलत नाही, बदलाचं कारण आपल्याला दिसलेलं नसतं. ते शोधायचा क्रमही ठरलेला आहे. आधी दुखणं, मग दाणापाणी, मग जागा आणि सोबत, आणि सगळ्यात शेवटी वळण. नवा मालक नेमका उलटा जातो आणि सुरुवातच छडीनं करतो.

दुखण्यात पहिले दात. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड झिजून धारदार होते, गालाला आणि जिभेला जखमा होतात. लगाम घालताना डोकं उडवणं, दाणा तोंडातून सांडणं, अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे गव्हाणीत पडलेले दिसणं या त्याच्या खुणा. दात वर्षातून एकदा तपासून घासून घ्यायचे. दुसरी पाठ. कण्यापासून चार बोटं सोडून खांद्यामागून पुठ्ठ्यापर्यंत बोटांनी सारखा दाब देत जा. एखाद्या जागी पाठ एकदम खाली गेली किंवा शेपटी झटकली, तर खोगीर तिथे बोचतंय. तिसरे खूर. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तबेला ओला राहतो आणि तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग सडू लागतो. खूर साफ करताना काळा, घाण वासाचा चिकट मळ निघाला तर ओळखा.

आणखी एक गोष्ट, जी नेहमी सुटते. चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगात ताप येतो-जातो. जनावर दोन दिवस मलूल, मग चार दिवस ठीक, आणि मालक म्हणतो मूडी आहे. म्हणून थर्मामीटर तबेल्यात हवाच. विश्रांतीत 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. त्याच्या वर सतत किंवा अधूनमधून गेलं तर रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टर घोड्यांच्या कामाचा हवा. ठाणे शहरात तसा सापडला नाही, तर मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या रुग्णालयात चौकशी करा. धनुर्वाताची लसही चुकवू नका, घोड्याला तो पटकन होतो.

आता दाणापाणी. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडा वेळ घेतो. आधी वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 140 आणि लांबी 130 असेल तर साधारण 214 किलो. अशा तट्टाला दिवसाला वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वाचार किलो सुकं वैरण लागतं. हिरवा चारा बराचसा पाणीच असतो, तेव्हा तो वजनाला कितीतरी जास्त घालावा लागेल. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं. सकाळी-संध्याकाळी दोनदाच चारा टाकला की मधले दहा तास पोट रिकामं, जठराच्या अस्तराला जखमा आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताच चावा. चारा चार वेळा विभागून द्या, रात्रीचा सर्वांत मोठा.

उलट टोक म्हणजे चण्यांचं कौतुक. दिवसभर बांधून ठेवलेल्या तट्टाला रोज दीड-दोन किलो चणे घातले तर ती ताकद बाहेर पडणारच, दुगाण्या झाडूनच. काम नसेल तेव्हा दाणा जवळजवळ बंद. वैरणीत बदल करायचा तर सात ते दहा दिवसांत हळूहळू करा. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशूळ जीव घेऊ शकतो. बुरशी लागलेला कडबा किंवा पेंढा फेकून द्या, वाळवून वापरू नका. कोवळी हिरवी ज्वारी बिलकुल नको. पाणी कायम समोर, दिवसाला वीस-तीस लिटर धरा. दमट उन्हाळ्यात सैंधवाचा खडा टांगून ठेवा.

घोडं कळपातलं जनावर. एकटं बांधलं की बावचळतं, दारापाशी झुलतं, लाकूड चावतं. दुसरं घोडं परवडत नसेल तर शेळी चालते. घोडी असेल तर एकवीस दिवसांच्या चक्रात पाच-सात दिवस ती माजावर असते. वहीत तारखा लिहिल्यात तर अर्धी लहर तिथेच उलगडेल. गणपतीतला ढोल-ताशा आणि दिवाळीतले फटाके हे वेगळं प्रकरण. त्या रात्री आत ठेवा, वैरण भरपूर द्या आणि हाताळायला जाऊ नका.

वरातीच्या धंद्यातून आलेलं तट्टू घेतलं असेल तर त्याचं तोंड नीट पाहा. काटेरी लगाम ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1965च्या नियमांनुसार मना आहे, तरी वापरला जातो. जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यात वण असतील तर पहिला महिनाभर लगाम बाजूलाच ठेवा, फक्त काढणी, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्याला बांधायची दोरी.

आता वळण. जवळ जाताना तिरकं, डाव्या खांद्याकडे. कपाळासमोर आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही. दोर दहा फुटांचा, हातात घडी करून धरायचा. मनगटाला गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जातो. एकच धडा रोज दोनदा, पंधरा मिनिटं. काढणीवर हलका मागचा दाब द्या. वजन जरा मागे सरकलं की त्याच क्षणी दाब सोडा. घोडं दाबाला शिकत नाही, दाब सुटण्याला शिकतं. सोडायला दोन सेकंद उशीर झाला तर त्याला कळतच नाही, कशाबद्दल सुटलो. चावायला आलं आणि तुम्ही मागे सरलात, तर चावणं शिकवलंत. म्हणून तुमची जागा न सोडता कोपर वर धरून त्यालाच एक पाऊल मागे सरकवा. गूळ-गाजर हातातून नको, घमेल्यात. मुलांनाही हे सांगा, नाहीतर बोटांवर बेततं. समोर उभं राहून मारलेली छडी फक्त घाबरवते. दोन पायांवर उभं राहणारं किंवा उधळून धावणारं तट्टू नवख्या माणसानं हाताळूच नये, जाणता सईस बोलवा.

पहिला महिना उलटला आणि आठवडाभर ते मागे-पुढे शांतपणे येऊ लागलं की खोगीर आणा. तंग एकदम आवळू नका. आधी फक्त खोगीर घसरणार नाही इतपत, मग दहा पावलं चालवून दोन भोकं, आणखी चालवून शेवटची. आवळून झाल्यावर तंगाखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत.