दहा यार्ड कमी

24 डिसेंबर 1989. अटलांटात डेट्रॉईट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोसमातला शेवटचा सामना चालू आहे आणि तो जवळपास हातात आलाय. प्रशिक्षक वेन फाँट्स एका एकवीस वर्षांच्या पोराला सांगतात, बाबा रे, चेंडू घेऊन पळालेल्या यार्डांच्या यादीत पहिला यायला तुला दहा यार्ड कमी पडतायत, जातोस का मैदानात? पोरगा नको म्हणतो. सामना जिंकू आणि घरी जाऊ, एवढंच त्याचं म्हणणं. मोसम संपला तेव्हा त्याचे 1,470 यार्ड होते आणि कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेचे 1,480. म्हणजे बरोबरीला दहा आणि पुढे जायला अकरा, पण सगळे दहाच म्हणतात, मीही दहाच म्हणणार. दहा यार्ड म्हणजे तीस फूट. मी उभा आहे तिथपासून साधारण तुमच्या पाचव्या-सहाव्या रांगेपर्यंत.

या पोराचं नाव बॅरी सँडर्स. नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी मिशिगनमध्ये होतो, मोटारींच्या कारखान्यांच्या गावात. तिथे आमच्यासारखे मराठी इंजिनिअर पुष्कळ. रविवारी दुपारी क्रिकेटविना जीव कासावीस व्हायचा, म्हणून हा अंगावर चिलखत घालून खेळायचा फुटबॉल बघायला लागलो. पहिले दोन महिने काही कळलं नाही. मग एकदा सँडर्स पळताना पाहिला आणि म्हटलं, अरे, ही तर हुतूतूतली चढाई आहे!

खेळ थोडक्यात सांगतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू एकतर लांब फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या गड्याच्या पोटाशी देतो. तो गडी म्हणजे रनिंग बॅक. समोर अकरा जण त्याला पाडायला टपलेले. आपले धिप्पाड गडी धक्के देऊन वाट काढतात आणि त्या फटीतून याने निघायचं. बहुतेक रनिंग बॅक दोन-तीन यार्डांवर समाधान मानतात, कारण तीन-तीन करत दहा होतात. सँडर्सचं तसं नव्हतं. फट बंद दिसली की तो थांबायचा, मागे यायचा, आडवा पळायचा. कधी कधी चार यार्ड उलटे गमवायचा. हुतूतूत तीन जण अंगावर येत असताना मध्यरेषेकडे न पळता उलट कोपऱ्यात शिरणारा एखादा चढाईपटू असतो ना, तसा. चार चढाया रिकाम्या जायच्या आणि पाचवीला अख्खा संघ मातीत.

उंची पाच फूट आठ इंच. आपल्याकडे ठीक आहे, तिथे ठेंगणीच. कॅन्सस राज्यातलं विचिटा हे त्याचं गाव. अकरा भावंडं, वडील छपरं घालायचं आणि सुतारकाम करणारे. शाळेत शेवटच्या वर्षी चौथ्या सामन्यात त्याला रनिंग बॅकची जागा मिळाली आणि उरलेल्या सात सामन्यांत त्याने 1,417 यार्ड काढले. तरी मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नाही. तो ओक्लाहोमा स्टेटला गेला. तिथे त्याच्या जागेवर आधीच थर्मन थॉमस. हा थॉमस पुढे स्वतः हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला, त्यामुळे दोन वर्षं मागे बसण्यात कमीपणा काहीच नव्हता. थॉमस गेला आणि 1988 उजाडलं.

त्या वर्षाबद्दल आकडे सांगितल्याशिवाय इलाज नाही. अकरा सामन्यांत 2,628 यार्ड. सामन्यामागे जवळजवळ 239. एरवी एका सामन्यात शंभर झाले तरी दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येतं. कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान म्हणजे हाइझमन ट्रॉफी. ती जाहीर झाली तेव्हा हा टोकियोत होता, कारण टेक्सस टेकविरुद्धचा सामना जपानात ठेवला होता. त्याच सामन्यात त्याने 332 यार्ड काढले. मग मोसमानंतरच्या हॉलिडे बोलमध्ये वायोमिंगविरुद्ध सामन्याच्या चारपैकी तीन भागांत 222 यार्ड आणि पाच टचडाउन, म्हणजे पाचदा चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपलीकडे, आणि चौथ्या भागात साहेब बाकावर. बाकावर बसायची ही सवय लक्षात ठेवा.

1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ खेळाडू निवडतात त्या दिवशी, लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. करारावर सही करताना मिळालेल्या रकमेचा दहावा हिस्सा, 2 लाख 10 हजार डॉलर, त्याने विचिटातल्या आपल्या चर्चला दिला. टचडाउन केल्यावर नाचणं नाही, चेंडू आपटणं नाही. शांतपणे पंचाच्या हातात द्यायचा आणि चालू पडायचं. माझ्या ऑफिसात यावरून लोक दोन गटांत विभागलेले. एक म्हणायचा, केवढा विनय! दुसरा म्हणायचा, याला आनंदच होत नाही. मला वाटतं दोघांचंही थोडं चुकत होतं. त्याला पळण्यात आनंद होता, मोजण्यात नव्हता.

जानेवारी 1992 मध्ये डॅलसविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा सामना होता. शेवटच्या भागात सँडर्स चेंडू घेऊन गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला. डॅलसचे गडी त्याला पकडून उभे, आता शिट्टी वाजणार असं वाटत असताना तो त्या घोळक्यातून बाहेर पडला, गणपतीच्या मिरवणुकीतून एखादं लहान पोर पायांमधून निसटतं तसा, आणि 47 यार्ड पळाला. 38-6. सँडर्सच्या दहा वर्षांत लायन्सने जिंकलेला प्लेऑफचा हा एकमेव सामना. दहा मोसमांचा हिशेब 78 विजय, 82 पराभव. असा गडी संघात असून!

1997 साल तर मी टीव्हीसमोरून हललो नाही. पहिल्या दोन सामन्यांत मिळून 53 यार्ड. लोक म्हणाले, संपला. नंतर सलग चौदा सामन्यांत दर वेळी शंभरच्या वर. वर्षाची बेरीज 2,053. शेवटच्या सामन्यात जेट्सविरुद्ध 184 यार्ड काढत त्याने दोन हजार ओलांडले, आणि त्याच सामन्यात त्याचा संघातला सोबती रेजी ब्राउन मानेला मार लागून मैदानावर पडला. श्वास थांबला होता. खेळाडू गुडघे टेकून प्रार्थना करत होते. ब्राउन वाचला, पुढे चालूही लागला, पण पुन्हा खेळला नाही. त्याआधी 1991 मध्ये याच संघातला माइक अटली असाच पडला आणि त्याचे पाय कायमचे गेले. सँडर्सचं पुढचं वागणं समजून घेताना आपण यार्ड मोजत बसतो आणि हे दोघे विसरतो.

आता हिशेब बघा. 1998 संपलं तेव्हा सँडर्सचे एकूण यार्ड 15,269. वॉल्टर पेटनचा सार्वकालिक विक्रम 16,726. फरक 1,457 चा. त्याच मोसमात, वाईट संघात, याने 1,491 काढले होते. दहा वर्षांत फक्त सात सामने चुकलेला, एकतीस वर्षांचा, धडधाकट माणूस. आणखी एक मोसम, की विक्रम खिशात. जुलै 1999 च्या अखेरीस, सराव शिबिर तोंडावर असताना, त्याने विचिटाच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स केला. पत्रकार परिषद नाही, अश्रू नाहीत. मजकूर असा की, खेळात राहण्यापेक्षा खेळातून बाहेर पडण्याची इच्छा आता जास्त झाली आहे. आणि स्वतः लंडनला!

डेट्रॉईट भडकलं. क्लबने आगाऊ दिलेले पैसे परत मागितले, प्रकरण लवादाकडे गेलं आणि त्याला काही रक्कम परत करावीही लागली. मला त्या वेळी त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. निरोप तरी नीट घ्यायचा! लोकांनी वर्षभराची तिकिटं काढलेली. नंतर त्याने सांगितलं की सतत हरण्याने, आणि जिंकायची धडपडच न दिसण्याने, त्याचं मन उडालं होतं. ते कारण खरंच असणार. पण मला अटलांटाची ती संध्याकाळही आठवते. एकवीस वर्षांचा असताना ज्याला दहा यार्ड नको होते, त्याला एकतिसाव्या वर्षी 1,457 कशाला हवे असतील?

पेटनचा विक्रम 2002 मध्ये डॅलसच्या एमिट स्मिथने मोडला, पंधरा मोसम खेळून 18,355 वर थांबला. उत्तम खेळाडू, पुढे वाट काढणारे गडीही उत्तम, त्याचं श्रेय कमी करायचं नाही. माझ्या ऑफिसातल्या सोबत्याने मात्र त्या दिवशी स्मिथचा विषयच काढला नाही. डब्यातली पोळी मोडता मोडता तो मला सँडर्सची 47 यार्डांची ती धाव सांगत बसला, आणि टेबलावरची मिठाची डबी एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूने नेऊन दाखवली.