आधी पोट, मग पथ्य : किडनीच्या जुन्या आजारातलं मांजर घरी सांभाळताना

मंडळी, इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरचं मांजर विकत आणलेलं नसणार. कुणाला ते जिन्याखाली सापडलेलं असतं, कुणाला मासळीबाजाराच्या मागं. कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी झालीय एवढं कळतं, वय मात्र कळत नाही. डॉक्टर दात बघून अंदाज सांगतात, पण हिरड्या सडलेल्या असतील तर तोही चुकतो. म्हणून अंदाज सात वर्षांच्या वरचा असेल तर वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि बीपी तपासून घ्या. किडनीचा जुना आजार उतारवयातल्या मांजरांत सर्रास दिसतो आणि तो गुपचूप येतो.

गुपचूप कसा, ते सांगतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, वाढलेलं दिसतं, तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. त्याआधी फक्त लघवी पातळ होते, मांजर पाणी जास्त पितं, आणि घरचे कौतुक करतात, ‘आमची मनी पाणी छान पिते हो!’ लिटरमधले, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूतले, गोळे मोठे व्हायला लागले, तर ते कौतुक थांबवून लघवीची घनता तपासायची. मांजराची लघवी दाट असते. पाण्याची ओढ वाढलेली असताना घनता १.०३५ च्या खाली येत असेल, तर पुढच्या तपासण्या हव्यात.

१९९८ साली स्थापन झालेल्या आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाने या आजाराचे चार टप्पे ठरवले आहेत. क्रिएटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) १.६ च्या खाली पहिला, २.८ पर्यंत दुसरा, ५ पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. मांजर उपाशी किंवा अंगातलं पाणी घटून कोरडं पडलेलं असताना काढलेल्या रक्तावरून टप्पा ठरवत नाहीत. ते सावरल्यावर पुन्हा रक्त काढतात.

पण या आकड्यात एक फसवणूक आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. मांजर वाळत गेलं की स्नायू कमी, म्हणून आकडाही कमी. रिपोर्ट ३.४ वरून २.९ वर आला म्हणून घरी पेढे आणि मांजराच्या पाठीचे मणके हाताला लागतायत, असं होतं. एसडीएमए ही किडनीसाठीचीच रक्ताची दुसरी तपासणी स्नायूंवर तितकी अवलंबून नसते, परवडत असेल तर तीही करा. नसेल परवडत, तर वजनकाटा घ्या. आठवड्यातून एकदा, त्याच वाराला, जेवणाआधी वजन करून वहीत लिहायचं. चार किलोचं मांजर महिनाभरात ३.८ वर आलं तर दोनशे ग्रॅमच उतरलं असं म्हणू नका, ते पाच टक्के आहे. त्या दिवशी डॉक्टरांना फोन.

आता जेवण. किडनीसाठीच्या खास खाण्यात फॉस्फरस कमी असतो आणि तो कमी ठेवल्याचा फायदा खरा आहे. चूक होते ती घाईत. मळमळत असलेल्या मांजरापुढे नवं खाणं ठेवलं, की त्या वासाची आणि मळमळीची त्याच्या डोक्यात गाठ बसते, आणि मग ते खाणं ते कायमचं नाकारतं. आधी मळमळ थांबवायची. ओठ चाटणं, लाळ गळणं, वाटीपर्यंत येऊन हुंगून परत फिरणं, ही तिची खूण. त्याला भूक नाही असं समजू नका, भूक असते पण खाववत नाही. मळमळीवर मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन आणि भूक वाढवायला मिर्टाझापिन ही औषधं डॉक्टर देतात. पोट ठिकाणावर आल्यावर जुन्या खाण्यात नवं चमचाभर मिसळा आणि तीन-चार आठवडे घेऊन हळूहळू बदला. अजिबातच मानलं नाही, तर जे खातं ते खाऊ द्या. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि ते किडनीच्या आधी त्यालाच बळी पडू शकतं.

घरचं खाणं देणाऱ्यांसाठी दोन शब्द. नुसती उकडलेली कोंबडी म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम जवळपास नाही आणि फॉस्फरस भरपूर. हाडं, अंड्याचा पिवळा बलक, दूध, सगळ्यांत फॉस्फरस आहे. सुकट, जवळा, सुके बोंबील यांचा वास मांजराला वेडं करतो, पण त्यात मीठही आहे आणि फॉस्फरसही. कांदा-लसूण तर निरोगी मांजरालाही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खाणं बदलूनही फॉस्फरस चढा राहिला तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखी औषधं देतात. ती जेवणातच मिसळायची. रिकाम्या पोटी दिली तर खाण्यातला फॉस्फरस बांधायला ती तिथं नसतातच.

आता सलाईनकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भीती त्याची असते. सगळ्यांनाच ते लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात शरीर कोरडं पडत असेल तर लागतं, आणि सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्यावंच लागतं. साधारण ७५ ते १५० मिली, रोज किंवा एक-दोन दिवसांआड. नेमका आकडा डॉक्टरांचा. कातडीखाली रिंगर लॅक्टेट देतात, बाटलीवर ‘कंपाउंड सोडियम लॅक्टेट’ लिहिलेलं असतं. डेक्स्ट्रोजची बाटली कधीही नाही. साखर कातडीखाली पाणी ओढते, आग करते, जखम होऊ शकते.

बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा आणि थेंब मनगटावर टाकून बघा. गार सलाईन सुईपेक्षा जास्त टोचतं. बाटली खिडकीच्या गजाला, मांजरापासून तीन-चार फूट उंच टांगा. आयव्ही सेटच्या थेंबकोठीत निम्म्यापर्यंत पाणी भरू द्या, नळीतली हवा काढून नळीवरचं, धार कमी-जास्त करायचं चाक बंद करा. २० नंबरची, पिवळ्या बुडाची सुई घ्या. बारीक सुई कमी दुखते हे खरं, पण मग वेळ दुप्पट लागतो आणि मांजराचा धीर पाचव्या मिनिटाला संपतो. खांद्यांच्या मधली कातडी वर उचलून तंबू करा, सुईचं तिरकं तोंड वर ठेवून तंबूच्या बुडाशी, पाठीला समांतर घाला, मग चाक उघडा. केस ओले झाले तर सुई दुसऱ्या बाजूने बाहेर निघालीय. थेंब पडतच नसतील तर सुई किंचित फिरवा, तिचं तोंड कातडीला चिकटलेलं असतं. बाटली कडक प्लास्टिकची असेल तर सेटवरचं हवेचं झाकण उघडं आहे ना ते पहा. थोडी हवा कातडीखाली गेली तर हाताला चुरचुर लागेल, घाबरू नका.

किती गेलं ते बाटलीवरच्या रेघांवरून नीट कळत नाही. बाटली आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, शंभर ग्रॅम कमी म्हणजे शंभर मिली गेलं. शेवटी सुई काढून जागा मिनिटभर चिमटीत धरा. पाण्याची गाठ पुढच्या पायाकडे उतरते, काही तासांत जिरते. दुसऱ्या दिवशीही ती तशीच असेल तर पुढचं सलाईन देऊ नका, डॉक्टरांना विचारा. दर वेळी नवी सुई. फोडलेल्या बाटलीवर तारीख लिहा, पाणी गढूळ दिसलं की फेका.

बीपीकडे दुर्लक्ष होतं, कारण मोजायला मांजर शांत लागतं. पण वरचा आकडा १६० च्या वर राहिलेलं बीपी एका रात्रीत डोळे घालवू शकतं. त्यावर अॅम्लोडिपिन देतात, बहुतेकदा २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, म्हणून गोळी कापायचं कटर घ्याच. आणि कोणतीही गोळी दिल्यावर सिरिंजने तीन-चार मिली पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी आहे, अर्धीसुद्धा.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली, ‘रात्री कधी धावायचं?’ झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर जात असतील आणि नुकतंच सलाईन दिलेलं असेल तर लगेच, कारण पाणी छातीत साठलेलं असू शकतं. मान छातीकडे झुकून वर उचलत नसेल तर पोटॅशियम घटलेलं असू शकतं, तेव्हाही. बोका लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि अचानक भिंतीला आपटायला लागलं, बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर तेव्हाही.

दुसरी चिठ्ठी आहे, ‘गणपतीला गावी गेल्यावर मांजराचं काय?’ अनोळखी घरी नेऊन ठेवलं तर ते खाणं सोडेल, ही भीती रास्त आहे. त्यापेक्षा माणूस घरी बोलवा. जाण्याआधी दोनदा त्याच्या हातून, तुमच्यासमोर सलाईन द्या. फ्रिजवर कागद लावा : वजन, सलाईन किती आणि कुठल्या दिवशी, प्रत्येक गोळीचा किती भाग आणि जेवणाआधी की जेवणात, डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचाही. सणाच्या दिवसांत ते चालू आहेत ना, हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा.