दातांनी चिरलेला धागा: हानसानची मोसी

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर गुम नदी पिवळ्या समुद्राला मिळते, तिथे सोचॉन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. भाताची खाचरं, मासेमारीची बंदरं आणि ओहोटीला दूरवर उघडा पडणारा चिखलाचा किनारा, असा हा मुलूख. तो चिखलकिनारा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण आज आपण जाणार आहोत ते याच काउंटीतल्या हानसान भागात, तिथल्या मोसी कापडासाठी.

मोसी हे रॅमी नावाच्या झाडाच्या सालीपासून होतं. हे झाड आग्याच्या कुळातलं, पण हात लावला तर आग होत नाही. पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी. पुरुषभर उंच वाढतं. एकदा लावलं की तेच मूळ वर्षानुवर्षं फुटत राहतं आणि वर्षातून तीनदा कापणी होते: मे अखेर ते जून, मग ऑगस्ट, मग ऑक्टोबर. मधल्या, म्हणजे ऑगस्टच्या कापणीचा धागा सगळ्यांत चांगला मानतात. खोडाचा बुंधा हिरव्याचा तपकिरी होऊ लागला की कापायची वेळ झाली. उशीर केला तर साल राठ होते आणि पुढे कितीही कष्ट घेतले तरी त्यातून बारीक धागा निघत नाही.

आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात, हे अनेकांना ठाऊक असेल. रॅमीच्या बाबतीत ते चालत नाही. तिच्या सालीतला डिंक नुसत्या पाण्यात सुटत नाही. म्हणून खोड ताजं असतानाच साल सोलायची आणि छोट्या सुरीने वरचा हिरवट पापुद्रा खरवडून टाकायचा. उरते ती आतली साल. तिच्या जुड्या पाण्यात भिजवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं चार-पाच वेळा केलं की हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर झाक येते. या फितींना थेमोसी म्हणतात.

आता खरं काम सुरू होतं, आणि ते माग लागण्याच्या कितीतरी आधीचं आहे. सुती धाग्यासाठी कापूस पिंजावा लागतो, पेळू करून पीळ द्यावा लागतो. मोसीच्या धाग्याला पीळच नाही. चरखा नाही, चाती नाही. तो कातत नाहीत, चिरतात. थेमोसीची ओलसर फीत पुढच्या दातांत धरायची, टोक चिरायचं, मग बोटांनी आणि नखांनी ती चीर शेवटपर्यंत ओढत न्यायची. एका फितीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत केसासारखा बारीक तंतू हाती येईपर्यंत. हे सगळं अंदाजाने. दात जरा एका बाजूला गेले की तंतू एकीकडे जाड, एकीकडे बारीक होतो, आणि असा एक धागा ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, गेला की कापडावर त्याची रेघ कायमची दिसते. कापड किती तलम होणार, हे इथेच ठरतं. माग कितीही चांगला असला तरी तो जाड धाग्याचं तलम कापड करू शकत नाही.

आयुष्यभर हे काम केलेल्या बायकांच्या पुढच्या दातांना खाच पडते. कोरियन भाषेत एखाद्या कामात पुरतं मुरलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘दाताला खाच पडली’ अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतात, आणि हानसानची माणसं त्याचं मूळ मोसीतच आहे असं सांगतात. सुरुवातीला ओठ फाटतात, जिभेतून रक्त येतं. इतकं सोसायला नव्या पिढीतलं कोण बसणार? त्यामुळे चिरण्याचं काम आज प्रामुख्याने वयस्कर बायकांकडे आहे. मागापेक्षा मला काळजी वाटते ती या पायरीची.

चिरलेले तंतू जोडायचे कसे? गाठ मारून नव्हे. दोन टोकं एकमेकांवर ठेवायची, उघड्या गुडघ्यावर तळव्याने वळायची आणि थुंकीचा ओलावा द्यायचा. गाठ मारली तर ती मागाच्या कंगव्यासारख्या फणीत अडकते आणि धागा तुटतो. जोडलेला धागा पसरट गोल थरांत टोपलीत साठवतात. असे साधारण दहा पुंजके म्हणजे एका ताग्याचा माल.

मग ताणा लावायचा आणि त्याला खळ द्यायची. ही खळ तांदळाची नसते. कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि मीठ पाण्यात कालवून ती करतात. धागे फणीतून ओवून ताणून धरायचे, कुंच्याने खळ लावायची आणि खाली भाताच्या तुसाची मंद धग ठेवायची. खळीमुळे जोड गुळगुळीत होतात, बारीक कुसं बसतात. मिठामुळे धाग्यात ओलावा टिकून राहतो. धग जास्त झाली तर धागा काडीसारखा कडकतो, कमी पडली तर ओले धागे एकमेकांना चिकटतात. म्हणून पेटत्या लाकडाऐवजी तूस वापरतात, ते धुमसत राहतं.

ओलावा ही या कापडाची नाडी आहे. रॅमीचा तंतू ओला असताना अधिक बळकट असतो, आणि कोरडा पडला की त्याला लवचीकपणा राहत नाही. आपल्याकडच्या खड्डामागावर विणकराचे पाय खड्ड्यात असतात. हानसानमध्ये पूर्वी अख्खी खोलीच जमिनीत खणलेली असे. ऐन उन्हाळ्यातही दारं-खिडक्या बंद. वाऱ्याची झुळूक आली की ताण्यातले धागे पटापट तुटू लागतात. दमट उन्हाळ्याचे महिने म्हणूनच विणण्याचे, आणि हवा कोरडी झाली की काम अवघड.

मागही पाहण्यासारखा आहे. ताण्याचा एक सिरा विणकरणीच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला असतो. ती मागे रेलली की ताण वाढतो, पुढे झुकली की सैल होतो. एका पायात गवती चप्पल, तिला दोरी. पाय मागे ओढला की ताण्यातले एकाआड एक धागे उचलले जातात, त्या फटीतून आडवा धागा नेणारा धोटा सरकतो, फणीचा ठोका बसतो. धोट्यातली धाग्याची कांडीसुद्धा ओली ठेवतात.

तलमपणा ‘से’ या मापात मोजतात. एक से म्हणजे ताण्याचे ८० धागे. कापडाचा पन्हा जेमतेम ३० सेंटिमीटर. तेवढ्यात सात सेच्या कापडात ५६० धागे, दहा सेच्या कापडात ८००. दहाच्या वर गेलं की ते उंची कापड. बारा से म्हणजे ९६० धागे, सेंटिमीटरला ३२! एका ताग्याची लांबी सुमारे साडेएकवीस मीटर.

कोरियाच्या सरकारने १९६७ मध्ये या विणकामाला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नाव आलं. विद्या सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे येते. हानसानला गेलात तर मोसी संग्रहालयात मागाचे फोटो जरूर काढा, पण त्याआधी चिरणाऱ्या बाईंजवळ थोडा वेळ बसा. रॅमीची पानं घातलेला, तांदळाच्या पिठाचा हिरवा, मोदकासारखा सोंगप्योन मिळाला तर तोही चाखा.

कुणी मोसीचं कापड घेऊन आलंच, तर एवढं सांभाळा. कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका. हलकी खळ देऊन दमट असतानाच इस्त्री करा. आणि कापड घडी घालून ठेवू नका. एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा घडी पडली की तंतू तिथेच मोडतो. नळीवर गुंडाळा. हंगाम संपला की खळ धुऊन काढा आणि मगच कपाटात ठेवा, नाहीतर खळीच्या वासाने कसर लागते.

नमस्कार.