व्हिसा आणि विद्यार्थी दर्जा

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतील कितीतरी घरांनी शेत किंवा घर तारण ठेवून मुलामुलींना परदेशी शिकायला पाठवले आहे. त्या पालकांशी आणि जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांशी आज बोलायचे आहे.

‘व्हिसा पाच वर्षांचा आहे, आता काळजी नाही’ असे पुष्कळ घरांत म्हटले जाते. अमेरिकेपुरते तरी ते खरे नाही. पासपोर्टवरचा एफ-१ व्हिसा, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, त्या देशाच्या दारापर्यंत नेतो. आत राहण्याचा आधार असतो तो विद्यार्थी दर्जाचा, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याच्या कायदेशीर मान्यतेचा. परवानगीविना विषय सोडून पूर्णवेळ नोंदणी मोडली, तर व्हिसाची तारीख शिल्लक असूनही दर्जा जातो. उलट, तिथे शिकत असताना व्हिसाची मुदत संपली, तरी दर्जा शाबूत असू शकतो.

म्हणून अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ ही आगमनाची नोंद सरकारी संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावी. त्याला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावापुढेच बहुधा वडिलांचेही नाव असते. शोधताना ते गाळले, तर नोंद सापडत नाही आणि मूल उगाच घाबरते. पासपोर्टवर आहे तसेच नाव भरावे आणि नोंदीत ‘एफ-१’ लिहिले आहे ना, हे बघावे. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारी सेव्हिस ही सरकारी प्रणाली मात्र विद्यार्थ्याला उघडता येत नाही. तिथली स्थिती विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्यालाच, म्हणजे डीएसओला, विचारावी, आणि तेही ईमेलने, म्हणजे उत्तर लेखी राहते. गावाकडच्या एजंटाचे ‘सगळे ठीक आहे’ हे उत्तर मी तरी पुरेसे मानणार नाही.

ब्रिटनमध्ये आता ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन नोंदीतला व्हिसा असतो. पासपोर्ट नवा काढला की तो पासपोर्ट यूकेव्हीआय या तिथल्या व्हिसा विभागाकडील आपल्या ऑनलाइन खात्याला जोडावा लागतो. ऑस्ट्रेलियात व्हेवो या सरकारी सेवेवर व्हिसाच्या अटी दिसतात.

‘तुमचा दर्जा रद्द झाला, ताबडतोब पैसे भरा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा आणि थेट विद्यापीठात चौकशी करावी. अमेरिकेत खोली बदलली, तर १० दिवसांत नवा पत्ता विद्यापीठाला कळवावा. अभ्यासक्रम लांबणार असेल, तर आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्रावरची शेवटची तारीख उलटण्यापूर्वीच डीएसओकडून मुदतवाढ घ्यावी. ती तारीख पालकांनीही आपल्याकडे लिहून ठेवावी.