आठ ओळींचा तास

(दृश्य: फळ्यावर खडूने लिहिलेली कविता. बाकांवर मुलंमुली.)

निवेदन :
जळगाव जिल्ह्यातलं एक कॉलेज. एफ.वाय.बी.ए., मराठीचा तास. फळ्यावर बालकवींची ‘औदुंबर’. मॅडमनी कविता दोनदा वाचली आणि विचारलं, “काय दिसलं?” पुढच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, “कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.”

हे वाक्य शाळेपासून सोबत आलंय. रसग्रहण म्हणजे कवीचं नाव, विषय, संदेश, आवडलेली ओळ. मार्क मिळतात. पण हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही निसर्गकवितेखाली लिहिलं तरी खपून जातं. मग या कवितेबद्दल आपण काय बोललो?

“सुंदर हा शब्द आज बंद,” मॅडम म्हणतात. “रंग लिहून काढा.”

(दृश्य: वहीवर चालणारं पेन, जवळून.)

हिरवाळी. निळासावळा झरा. शेतमळ्यांची हिरवी गर्दी. पांढरी पायवाट. हिरवी कुरणं. काळा डोह. आणि मग ‘गोड काळिमा’. अशी यादी करणं पोरकट वाटतं खरं, पण कविता हिरव्याकडून काळ्याकडे कशी उतरत जाते, ते यादी झाल्यावरच डोळ्यांत भरतं. झरा वाहतो, पायवाट चालू लागते, आणि शेवटी कुणीतरी पाण्यात पाय टाकून बसलेलं असतं. आठ ओळींत माणूस एकही नाही.

मागून एक मुलगा म्हणतो, “मॅडम, काळा डोह म्हणजे मृत्यू. बालकवी रेल्वेखाली गेले ना.”

(दृश्य: भादली स्टेशन. रिकामा फलाट, रूळ.)

या भागात ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे मूळचे धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजी इथेच, भादलीला, रूळ ओलांडताना ते गाडीखाली सापडले. वय २७.

मॅडम त्याला गप्प करत नाहीत. “कविता लिहिताना त्यांना भादली माहीत होती का?” एवढंच विचारतात. “डोह मृत्यूचा असेलही. पण साक्ष कवितेची काढ. काळिमा गोड का म्हटलाय, ते सांग.”

मला वाटतं, साहित्याचा अभ्यास सुरू होतो तो या क्षणी. अर्थ कुणाचाही असो, त्याला ओळींपुढे उभं राहावं लागतं.

उत्तर खिडकीकडच्या मुलीकडून येतं. “आमच्या शेतात नाल्याकाठी उंबर आहे. भर उन्हात त्याच्या सावलीतलं पाणी काळं दिसतं. पण तिथेच जाऊन बसावंसं वाटतं.” वर्गातल्या अर्ध्या मुलांनी असं पाणी पाहिलंय. ते परीक्षेत लिहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग ती स्वतःच अडते. “पण मॅडम, आम्ही त्याला उंबरच म्हणतो. औदुंबर म्हटलं की दत्ताचा पार आठवतो.” बालकवींनी दत्ताचं नाव कुठेच घेतलेलं नाही. तरी त्या एका शब्दाने झाड बांधावरून उठून पारावर येतं, आणि त्याचं बसणं एखाद्या बैराग्याचं बसणं वाटू लागतं.

(दृश्य: फळ्यावरच्या शेवटच्या दोन ओळी.)

“आता सांगा, हा काळिमा लाटांवर पसरतं कोण?”

मुलं सातवी ओळ पुन्हा पुन्हा वाचतात. ‘पसरी’ हे क्रियापद आहे, कर्ता नाही. आठव्या ओळीत ‘पाय टाकुनी जळांत बसला’ येतं, तरीही कर्ता नाही. मग ‘असला’ येतो. एरवी आपण हा शब्द नाक मुरडून वापरतो, “असला कसला हा!” इथे तो बोट दाखवतो, आणि मगच झाड समोर येतं. अख्खी कविता ज्याच्या सावलीत काळोखत गेली, त्याचं नाव अगदी शेवटच्या शब्दात.

बराच वेळ कुणी बोलत नाही. मग खिडकीकडची मुलगी न सांगता उभी राहते आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागते. आठव्या ओळीत, ‘असला’पाशी, तिचा आवाज जरा थांबतो. मग ती झाडाचं नाव घेते.