दोन बॅटऱ्यांमधली लाल केबल

[दृश्य: उघडं बॉनेट. स्टार्टर बॅटरीच्या प्लसवरून निघालेली जाड लाल केबल फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात शिरते.]

बॉनेटखाली स्टार्टर बॅटरी. मागे डिकीत दुसरी बॅटरी, फ्रिज आणि दिव्यांसाठी. मध्ये साधारण पाच मीटर केबल: फायरवॉलमधून, कार्पेटखालून, सीटच्या रुळांशेजारून गेलेली. या पाच मीटरमध्ये कुठेही इन्सुलेशन घासून तांबं पत्र्याला टेकलं, तर काय होईल?

चांगल्या लेड अ‍ॅसिड बॅटरीचा अंतर्गत रोध 5 मिलिओहमच्या आसपास असतो. 12.6 व्होल्टला 0.005 ने भागा. 2500 अँपिअर. एवढ्या करंटमध्ये केबल काही सेकंदांत लाल होते, इन्सुलेशन पेट घेतं आणि वरचं कार्पेटही.

म्हणून फ्यूज केबलसाठी असतो. फ्रिज किंवा चार्जर वाचवणं हे त्याचं पहिलं काम नाही. हे एकदा पटलं की निवड सोपी होते: लागणाऱ्या करंटपेक्षा फ्यूज मोठा हवा आणि केबलला पेलणाऱ्या करंटपेक्षा लहान हवा.

[दृश्य: केबलची दोन्ही टोकं, दोन्हीकडे फ्यूज होल्डर.]

साध्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) जोडलेल्या दोन बॅटऱ्यांच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. पाण्याची टाकी एकच असेल तर एक वॉल्व्ह पुरतो. इथे टाक्या दोन आहेत. पुढचा फ्यूज उडाला तरी मागची बॅटरी त्याच शॉर्टला करंट देत राहते. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून जास्तीत जास्त 15 ते 20 सेंटिमीटरवर बसवा. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं, तो जितका आखूड तितका बरा.

आता आकडे. समजा, मध्ये रिलेऐवजी 25 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे, म्हणजे पुढच्या बॅटरीकडून करंट घेऊन मागची चार्ज करणारा. तो दुसऱ्या बॅटरीला 14.4 व्होल्टने 25 अँपिअर देतो, म्हणजे 360 वॅट. कार्यक्षमता 90 टक्के धरली तर आत 400 वॅट घेतो. केबलमधलं नुकसान धरून इनपुटला 12 व्होल्टच पोहोचले, तर करंट 33 अँपिअर. इथेच अनेकांची चूक होते. चार्जरवर 25 लिहिलंय म्हणून 30 चा फ्यूज लावतात आणि उन्हात तासाभराने तो उडतो. 33 ला 1.25 ने गुणा, 41 येतात. 40 चा फ्यूज घ्या.

केबल? 10 स्क्वेअर एमएमची केबल 40 च्या फ्यूजखाली सुरक्षित आहे, पण जाऊन-येऊन 10 मीटरवर 33 अँपिअरला जवळपास 0.6 व्होल्ट खाते. 16 स्क्वेअर एमएमला हाच ड्रॉप 0.36 पर्यंत येतो. म्हणून 16 घ्या. केबल जाड झाली म्हणून फ्यूज वाढवायची गरज नाही. चार्जर मागच्या बॅटरीशेजारी बसवा, आणि त्याच्या आउटपुटच्या आखूड वायरलाही बॅटरीपाशी फ्यूज द्याच.

[दृश्य: टेबलावर ब्लेड, मिडी, एएनएल आणि क्लास टी फ्यूज.]

फ्यूजवर लिहिलेल्या अँपिअरइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आहे: तो किती करंट सुरक्षितपणे तोडू शकतो. साधारणपणे ब्लेड फ्यूज 1000 अँपिअर, मिडी 2000, एएनएल 6000 आणि क्लास टी 20,000. शॉर्टचा करंट याच्या वर गेला, तर पट्टी वितळूनही आत आर्क (हवेतून वाहणारी ठिणगी) चालू राहतो आणि फ्यूज फुटू शकतो. लेड अ‍ॅसिड बॅटरीवर मिडी बहुतेकदा पुरतो, कारण फ्यूज, थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि बॉडीचा रोध मिळून प्रत्यक्ष करंट खाली येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा रोध मात्र फार कमी असतो. तिच्या मुख्य प्लसवर आम्ही क्लास टीच सुचवतो. बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) आहे म्हणून फ्यूज टाळू नका. बीएमएसमधले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडले की अनेकदा शॉर्ट होऊनच बसतात.

फ्यूज लिहिलेल्या आकड्याला लगेच उडत नाही, हेही ध्यानात ठेवा. ब्लेड फ्यूज 110 टक्के करंटला 100 तास टिकावा लागतो, 135 टक्क्यांना 10 मिनिटांत उडावा लागतो, दुप्पट करंटला 5 सेकंदांत.

[दृश्य: लाल बटणाचा ब्रेकर. बटण दाबताच आडवा खटका बाहेर येतो.]

ब्रेकर सोयीचा असतो, स्विचसारखा वापरता येतो. पण तो उष्णतेवर चालतो. इंजिनशेजारी तो आधीच तापलेला असतो, त्यामुळे 40 चा ब्रेकर 33 वरही ट्रिप होऊ लागतो. लोक मग 60 चा लावतात, आणि केबलचं संरक्षण सैल होतं. बॉनेटखाली फ्यूज आणि डिकीत ब्रेकर, हे वाटप चांगलं. ब्रेकर हाताने रिसेट होणाराच घ्या. आपोआप जोडला जाणारा ब्रेकर शॉर्टला पुन्हा पुन्हा करंट देतो. घरातल्या एसी करंटचा ब्रेकर, म्हणजे एमसीबीही लावू नका. 50 हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यातून जातो, तिथे आर्क विझतो. डीसीला असा शून्य नाही. ब्रेकरवर डीसी व्होल्ट आणि तोडण्याची क्षमता छापलेली नसेल, तर तो परत करा.

इन्व्हर्टरची लाइन वेगळी, थेट बॅटरीवरून. 1000 वॅट, 85 टक्के कार्यक्षमता, बॅटरी 11 व्होल्टला उतरलेली: 107 अँपिअर. फ्यूज 150 चा, केबल 35 स्क्वेअर एमएम, आणि शक्य तितकी आखूड. फ्रिजला 15 पुरतात.

[दृश्य: अगदी जवळून, वितळलेला फ्यूज होल्डर. काळं प्लॅस्टिक एका बाजूला ओघळलंय. आतली पट्टी शाबूत.]

या होल्डरकडे नीट पाहा. फ्यूज उडालेला नाही, तरी प्लॅस्टिक वितळलंय. डाव्या स्टडवर (बोल्टवर) थिंबल आणि फ्यूजच्या मध्ये स्टीलचा वॉशर आहे. सगळा करंट त्या वॉशरमधून गेला. जोडणीवर 0.3 व्होल्ट पडले तर 33 अँपिअरला 10 वॅट उष्णता, अंगठ्याएवढ्या जागेत, तासन्‌तास. फ्यूजच्या दृष्टीने करंट नेहमीचाच होता, मग तो उडेल कसा? क्रम असा ठेवा: फ्यूजचं पातं, त्याला थेट टेकलेलं थिंबल, वर वॉशर, वर नट. थिंबल हातोडीने ठोकू नका, षटकोनी डायच्या प्रेसने दाबा, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

[दृश्य: मल्टिमीटर 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर. टोकं होल्डरच्या दोन्ही बाजूंच्या थिंबलवर.]

चार्जर पूर्ण लोडवर अर्धा तास चालू ठेवा, मग दोन्ही थिंबलमधले मिलिव्होल्ट मोजा. दोन्ही टोकांच्या होल्डरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक दुसऱ्याच्या दुप्पट दिसला तर चार्जर बंद करा, बॅटरीचा मायनस काढा आणि तो स्टड खोलून पाहा. पहिल्या लांब प्रवासानंतर हीच तपासणी पुन्हा करा.