आधी भूक लागू दे

धारावीतली ही गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने भिंतीला चिकटायचं, आणि इथल्याच एका छोट्या खोलीत अंगणवाडी भरते. बाईंच्या हातातली ती रंगीत टेप बघा. बाळाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या बरोब्बर मध्ये गुंडाळायची. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला की टेप लाल दाखवते, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. मग दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबून धरायचा. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर सूज आहे, आणि मग दंड कितीही भरो, केस गंभीरच.

"खातो ना गं घरी?"

"खातो की बाई. दिवसभर कायतरी चालूच असतं त्याचं."

हे कायतरी म्हणजे चहा-बिस्किट, नाहीतर पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट. आईला बोल लावणं सोप्पंय हो, पण ती घरबसल्या टिकल्यांची पाकिटं भरते, पैसे नगावर, मूल रडलं की पाच रुपये देऊन मोकळी होते. पोट भरत नाही, भूक मात्र मरते.

आणि उपचार सगळा भुकेवरच चालतो. म्हणून आधी भूक तपासायची: बाळाला शांत कोपऱ्यात आईच्या मांडीवर बसवून शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल आणि व्हिटॅमिन-मिनरल घातलेली पेस्ट देतात, सोबत पाणी, जबरदस्ती अजिबात नाही. वजनाप्रमाणे ठरलेली मात्रा खाल्ली, आजारपण नाही, सूज नाही, तर पोर घरीच बरं होऊ शकतं. तोंड फिरवलं की अ‍ॅडमिट.

धारावीतच सायन हॉस्पिटलचं अर्बन हेल्थ सेंटर आहे, सगळे त्याला छोटा सायन म्हणतात, तिथे पोषण पुनर्वसन केंद्र आहे आणि अशी पेस्ट तिथेच बनते.

अ‍ॅडमिट केलं की नातेवाईक म्हणतात, सुकलंय बिचारं, भरपूर खायला घाला. नेमकं तेच करायचं नाही. उपाशी राहून राहून हृदय, लिव्हर, किडनी सगळं मंद झालेलं असतं, एकदम भरवलं तर हृदयावर ताण येऊन मूल जाऊ शकतं. म्हणून आधी एफ-75 नावाचं दूध, 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अंग गार पडू द्यायचं नाही, रक्तातली साखर उतरू द्यायची नाही, इन्फेक्शनचं औषध चालू. लोह सुद्धा सुरुवातीला देत नाहीत. सूज आलेल्या मुलाचं तर आधी वजन घटतं, आई घाबरते, पण ते सुजेचं पाणी उतरत असतं, चांगलंच लक्षण आहे. मग एक दिवस पोर स्वतःहून वाटी ओढतं, तिथून पुढे एफ-100, म्हणजे जास्त कॅलरीचं दूध, किंवा पेस्ट.

घरी आल्यावर वेगळीच भानगड. पेस्ट गोड, थोरली भावंडंही बोट घालतात, आई तरी किती जणांना हाकलणार? बाई दर वेळी बजावतात, हे औषध आहे, खाऊ नाही, आणि अंगावरचं दूध तोडू नको. सूज नसेल आणि दंड लागोपाठ दोन भेटींत 12.5 वर भरला की उपचारातून सुट्टी. पण मे महिना आला की अर्धी गल्ली गावाला, म्हणून बाई आत्ताच विचारून ठेवतायत, "तिकीट कधीचं काढलंय? पेस्टची पाकिटं बरोबर घेऊन जा."